नंदुरबार जिल्ह्याचे भूविज्ञान

नंदुरबार जिल्हा हा महाराष्ट्राच्या वायव्य टोकाचा, तापी आणि नर्मदा या दोन पश्चिमवाहिनी नद्यांच्या दरम्यान व तापीच्या दक्षिणेसही पसरलेला जिल्हा आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. जिल्ह्यातील जवळजवळ सर्व मूळ खडक दख्खन ट्रॅप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेसाल्टचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी प्रावरणातून वर आलेल्या शिलारसापासून तो तयार झाला. या खडकांमुळे येथील भूविज्ञानाला स्थानिक वर्णनापलीकडचे महत्त्व आहे. ते थिजले तेव्हा भारतीय भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता, ही गोष्ट त्यांच्यातील चुंबकत्वावरून मोजता येते. खंडवहनाच्या वादात दख्खनच्या खडकांवरील ही मोजमापे सर्वांत आधीच्या आणि सर्वांत ठळक पुराव्यांपैकी आहेत.

भूप्रदेश आणि खडक

जिल्ह्याचे भूवैज्ञानिकदृष्ट्या तीन पट्टे पडतात. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आहेत. अक्राणी तालुक्यातील तोरणमाळचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंचीवर असून अस्तंभा शिखर त्याहूनही उंच आहे. मधला पट्टा तापीच्या गाळाच्या सपाट जमिनीचा आहे. शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरी, तसेच शहादा व प्रकाशा ही गावे याच तापीकाठच्या प्रदेशात येतात. सातपुड्यातून उतरणाऱ्या सुसरी, गोमाई आदी नद्यांनी येथे गाळ आणून टाकला आहे. तिसरा पट्टा तापीच्या दक्षिणेकडील नंदुरबार–नवापूर भागाचा. तेथे खडक पुन्हा उघडा पडतो आणि लांबच लांब अरुंद टेकड्यांच्या ओळी दिसतात.

दख्खन ट्रॅपमधील 'ट्रॅप' हा शब्द 'पायऱ्या' या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. पुढे झिजेमुळे कठीण थरांचे कडे आणि मऊ थरांचे उतार तयार होऊन डोंगरांना पायऱ्यांचा आकार आला. तोरणमाळच्या घाटात आणि सीताखाईच्या कड्यांत ही रचना स्पष्ट दिसते. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये लालसर मातीचा पातळ पट्टा आढळतो. एक थर थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत पहिल्याचा माथा हवामानाच्या परिणामाने कुजत राहिला, असे त्यावरून समजते. उद्रेक सलग नव्हते, त्यांच्या दरम्यान विश्रांतीचे काळ होते, याचा हा साधा पुरावा होय.

दख्खन ट्रॅपने आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापले आहे. मूळ विस्तार याहून बराच अधिक होता. किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवर आधारित कालमापनानुसार लाव्हाचा मोठा भाग सुमारे १० लाख वर्षांच्या आत बाहेर पडला. भूवैज्ञानिक कालगणनेत हा काळ अत्यल्प ठरतो. डायनोसॉरांचा अंत याच सुमारास झाला. त्यात या उद्रेकांचा वाटा किती आणि मेक्सिकोजवळ आदळलेल्या लघुग्रहाचा किती, यावर अद्याप मतभेद आहेत.

तापी व नर्मदा खोऱ्यांच्या भूविज्ञानाचे पहिले विस्तृत वर्णन विल्यम टी. ब्लॅनफर्ड यांनी केले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेने ते १८६९ मध्ये प्रसिद्ध केले.

भित्तींचा समूह

तापीच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या सरळ, अरुंद, पूर्व–पश्चिम टेकड्या म्हणजे 'भित्ती' किंवा डाइक होत. शिलारस वर येताना आधीच्या थरांना चिरत उभ्या भेगेत शिरतो आणि तेथेच थिजतो. भोवतालचा मऊ खडक झिजल्यावर हा कठीण उभा पडदा भिंतीसारखा उघडा पडतो. पश्चिम भारतातील भित्तींचा दख्खन ट्रॅपशी असलेला संबंध जॉन बी. ऑडेन यांनी १९४९ मध्ये एका निबंधात तपासला होता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करणारे हे ऑडेन म्हणजे इंग्रज कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांचे थोरले बंधू.

नंदुरबार–धुळे भित्तिसमूहाचा तपशीलवार अभ्यास मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील रंजिनी रे, हेतू शेठ आणि ज्योतिरंजन मलिक यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे १४,५०० चौरस किलोमीटर क्षेत्रात त्यांनी एक किलोमीटरपेक्षा अधिक लांबीच्या २१० भित्ती नोंदविल्या. सर्वांत लांब भित्ती ७९ किलोमीटरची आहे. भित्तींची जाडी ३ ते ६२ मीटर भरते. जवळजवळ सर्व भित्ती उभ्या असून त्यांची सरासरी दिशा पूर्व–पश्चिमेपासून केवळ दोन अंशांनी ढळलेली आहे.

या दिशेला विशेष अर्थ आहे. शिलारस भूकवचाला भेदताना कमीत कमी विरोध असलेल्या दिशेने भेग रुंदावतो. भित्ती पूर्व–पश्चिम असतील, तर त्या काळी भूकवचावरील दाब उत्तर–दक्षिण दिशेत सर्वांत कमी होता. म्हणजेच हा प्रदेश उत्तर–दक्षिण ताणला जात होता. या भित्ती आधीच्या प्रस्तरभंगांच्या रेषांवर बसलेल्या नसल्यामुळे त्यांची दिशा तत्कालीन ताणाचीच निदर्शक मानली जाते. काही भित्तींमध्ये शिलारस थेट खालून वर आला असावा. फार लांब भित्ती मात्र उथळ शिलारस-कोठीतून आडव्या पसरत गेल्या असाव्यात, असा या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. मोठ्या भित्तींपैकी एकेकीतून १,००० घन किलोमीटर किंवा त्याहून अधिक लाव्हा काही वर्षांच्या अवधीत बाहेर पडू शकला असता, असेही त्यात म्हटले आहे.

जमिनीखालील रचना

पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७१ किलोमीटर आहे. मानवाने घेतलेले सर्वांत खोल छिद्र, रशियातील कोला द्वीपकल्पावरचे, १२ किलोमीटरांपेक्षा थोडे अधिक खोल आहे. महाराष्ट्रात कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी घेतलेले छिद्र सुमारे ३ किलोमीटर खोल गेले. त्यात सुमारे १,२५० मीटर बेसाल्ट पार केल्यावर प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. किल्लारीच्या भूकंपानंतर तेथे घेतलेल्या छिद्रात बेसाल्टची जाडी केवळ ३३८ मीटर भरली. ट्रॅप हे आच्छादन आहे, पाया नव्हे, हे या छिद्रांनी प्रत्यक्ष दाखविले. त्याखालची सर्व माहिती अप्रत्यक्ष असून तिचा मुख्य स्रोत भूकंपलहरी हा आहे.

भूकंपाच्या वेळी दोन प्रकारच्या लहरी पृथ्वीच्या आतून प्रवास करतात. प्राथमिक लहरी दाबाच्या असतात, अधिक वेगवान असतात आणि घन व द्रव दोन्हींतून जातात. दुय्यम लहरी कणांना आडवे हलवतात, त्यांचा वेग कमी असतो आणि द्रवातून त्या जाऊ शकत नाहीत. भूकंपमापकावरील नोंदीत या दोन्ही लहरी प्रथम स्पष्टपणे वेगळ्या ओळखणारे रिचर्ड डी. ओल्डहॅम हेही भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचेच अधिकारी होते. १२ जून १८९७ च्या आसाम भूकंपाच्या अभ्यासातून त्यांनी हे दाखविले आणि १९०६ मध्ये लहरींच्या विलंबावरून पृथ्वीला वेगळ्या गुणधर्मांचा गाभा असल्याचे मांडले.

पुढील टप्पे वेगाने आले. क्रोएशियातील आंद्रिया मोहोरोव्हिचिच यांनी १९०९ मध्ये भूकवच आणि प्रावरण यांमधील सीमा शोधली. या सीमेवर प्राथमिक लहरींचा वेग एकाएकी वाढून सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर होतो. तिला मोहो विलगता म्हणतात. बेनो गुटेनबर्ग यांनी गाभ्याची खोली सुमारे २,९०० किलोमीटर ठरविली. हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी १९२६ मध्ये गाभा द्रव असला पाहिजे असे सिद्ध केले आणि इंगे लेहमन यांनी १९३६ मध्ये त्या द्रवाच्या आत, सुमारे ५,१५० किलोमीटर खोलीवर, आणखी एक गाभा असल्याचे दाखविले. हा अंतर्गाभा घन आहे. बाह्यगाभ्यातील वितळलेल्या लोहाच्या अभिसरणातून पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते.

प्रावरण घन आहे, ही बाब अनेकदा चुकीची समजली जाते. भूकवचाखाली सर्वत्र लाव्हाचा समुद्र नाही. दुय्यम लहरी प्रावरणातून जातात, म्हणून ते घनच असले पाहिजे. परंतु लाखो वर्षांच्या मापाने हा तप्त घन खडक अतिशय संथपणे वाहतो. दाब कमी झाला किंवा तापमान विशेष वाढले, तरच त्याचा थोडा अंश वितळतो. दख्खनचा शिलारस हा अशाच अंशतः वितळण्याचा परिणाम होता.

तापी–नर्मदा प्रदेशाखालील भूकवच राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने, हैदराबाद, खोल भूकंपीय सर्वेक्षणाद्वारे तपासले. या पद्धतीत ठरावीक ठिकाणी स्फोट घडवून परत येणाऱ्या लहरी लांबवर मांडलेल्या यंत्रांवर टिपतात. शहाद्याच्या पूर्वेस असलेल्या सेंधव्यावरून जाणाऱ्या रेषेवर कृष्णलाल कैला आणि सहकाऱ्यांना मोहो सुमारे ३८ ते ४३ किलोमीटर खोलीवर आढळली. नर्मदा व तापी यांच्या दरम्यान ट्रॅपच्या खाली त्याहून जुने गाळाचे खडक दबलेले असल्याचेही दिसून आले. ब्राह्मणपुरी ते प्रकाशा हे अंतर उभे करून जमिनीत रोवले, तरी ते मोहोपर्यंत पोहोचणार नाही. पृथ्वीच्या त्रिज्येशी तुलना केल्यास मात्र हेच भूकवच अतिशय पातळ ठरते.

खंडवहनाचा वाद

जर्मन हवामानशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंडवहनाची कल्पना मांडली आणि १९१५ मध्ये ती ग्रंथरूपाने विस्तारली. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, भारत, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया हे एकेकाळी जोडलेले होते, हा तिचा भाग भारताशी थेट निगडित होता. या प्राचीन खंडाचे गोंडवन हे नावच मध्य भारतातील गोंड प्रदेशावरून आलेले आहे.

या कल्पनेच्या बाजूचा एक पुरावा महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, चंद्रपूरजवळ होता. पैनगंगेकाठी इरई येथे फ्रान्सिस फेडन यांना हिमनदीने घासलेला व ओरखडलेला खडकाचा पृष्ठभाग आणि तसेच ओरखडे असलेले धोंडे आढळले. त्यांनी ही नोंद १८७५ मध्ये प्रसिद्ध केली. हे निक्षेप तालचेर स्तरांतील, म्हणजे सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. आज देशातील अत्यंत उष्ण ठिकाणांत गणल्या जाणाऱ्या चंद्रपुरात हिमनदी होती, याचे स्पष्टीकरण खंड स्थिर मानून देणे अवघड होते. समकालीन हिमनिक्षेप दक्षिण गोलार्धातील इतर गोंडवन खंडांवरही मिळतात. त्यांच्या वरच्या थरांत सर्वत्र ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे ठसे सापडतात.

तरीही पुढील चाळीस वर्षे बहुसंख्य भूवैज्ञानिकांनी वेगेनर यांचे म्हणणे स्वीकारले नाही. जीवाश्मांचे साम्य बुडालेल्या भूसेतूंनी समजावता येई, आणि खंड हलविणारे बळ कोणते, या प्रश्नाला वेगेनर यांच्याकडे समाधानकारक उत्तर नव्हते. सर्वांत समर्थ विरोधक हॅरॉल्ड जेफ्रीज हेच होते. ज्या गणितज्ञाने पृथ्वीचा गाभा द्रव असल्याचे दाखविले, त्यानेच खंडवहनाला अखेरपर्यंत नकार दिला. पुढे त्याच द्रव गाभ्याच्या चुंबकत्वाने वादाचे पारडे फिरविले.

खडकांतील चुंबकत्व

बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटसारखी लोहयुक्त खनिजे बारीक कणांच्या रूपात असतात. लाव्हा थंड होत असताना सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या खाली हे कण तत्कालीन चुंबकीय क्षेत्राच्या दिशेत चुंबकित होतात. खडक पुन्हा तितका तापला नाही, तर ही दिशा कोट्यवधी वर्षे टिकून राहते. प्रत्येक लाव्हाथर म्हणजे त्या वेळच्या होकायंत्राची गोठलेली सुई होय. या चुंबकत्वाच्या अभ्यासाला पुराचुंबकत्व म्हणतात.

या सुईत दोन माहिती असतात. ती आडव्या पातळीत कोणत्या दिशेला वळली आहे यावरून ध्रुवाची दिशा समजते. ती क्षितिजाशी किती कलली आहे यावरून अक्षांश कळतो. विषुववृत्तावर चुंबकसूची आडवी राहते, ध्रुवावर उभी होते. उत्तर गोलार्धात तिचे उत्तर टोक खाली झुकते, दक्षिण गोलार्धात वर उचलले जाते. नियम असा की कलाच्या कोनाची स्पर्शज्या अक्षांशाच्या स्पर्शज्येच्या दुप्पट असते.

शहादा तालुका सुमारे २१.५° उत्तर अक्षांशावर आहे. वरील नियमानुसार आज येथे थिजणाऱ्या लाव्हातील सुईचे उत्तर टोक सुमारे ३८ अंश खाली झुकलेले असावयास हवे. दख्खन ट्रॅपच्या सुलट चुंबकत्व असलेल्या थरांत मात्र ते सुमारे ४८ अंश वर उचललेले आढळते. ४८ अंशांची स्पर्शज्या सुमारे १.११, तिची निम्मी ०.५५५, आणि तिच्याशी जुळणारा अक्षांश सुमारे २९ अंश, तोही दक्षिण. उत्तरेचे २१.५ आणि दक्षिणेचे २९ मिळून सुमारे ५० अंशांचे अंतर होते. एका अंशाला १११ किलोमीटर धरल्यास हे अंतर सुमारे ५,६०० किलोमीटर भरते. ते ६.६ कोटी वर्षांत विभागल्यास वर्षाला सरासरी ८.५ सेंटिमीटर एवढा वेग येतो. हा वेग एकसारखा नव्हता. उद्रेकांच्या नंतरच्या काळात तो वर्षाला १५ सेंटिमीटरांच्याही वर गेला होता आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाशी टक्कर सुरू झाल्यावर मंदावला. शिवाय सुईची दिशा उत्तरेपासून पश्चिमेकडे वळलेली असल्यामुळे भूखंड या प्रवासात घड्याळाच्या उलट दिशेने वीस-पंचवीस अंश फिरला, हेही दिसते.

ही मोजमापे १९५० च्या दशकात झाली. केंब्रिज विद्यापीठात एडवर्ड 'टेड' अर्विंग यांनी दख्खनचे नमुने तपासून भारत उत्तरेकडे सरकल्याचा निष्कर्ष काढला. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या गटातील जॉन क्लेग, अर्न्स्ट डॉइच व डी. एच. ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये भारतातील खडकांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हे काम पुढे नेले गेले. डॉइच, सी. राधाकृष्णमूर्ती आणि पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांचा दख्खन ट्रॅपच्या पुराचुंबकत्वावरील निबंध १९५९ चा आहे. प्लेट टेक्टॉनिक्स, म्हणजे भूपट्ट विवर्तनाचा सिद्धांत, तेव्हा अजून मांडलेलाही नव्हता.

या निष्कर्षांवर दोन गंभीर आक्षेप होते. पहिला मोजमापाच्या विश्वासार्हतेचा. विजेचे आघात, हवामानामुळे होणारी झीज आणि आजचे चुंबकीय क्षेत्र यांमुळे खडकावर नवे चुंबकत्व चढते. त्यावर उपाय म्हणून नमुने टप्प्याटप्प्याने तापवून किंवा क्षीण होत जाणाऱ्या प्रत्यावर्ती चुंबकीय क्षेत्रात ठेवून वरचे कच्चे चुंबकत्व काढून टाकण्याची पद्धत विकसित झाली. एका थराच्या दिशेवर विसंबून न राहता अनेक थरांची सरासरी घेणेही आवश्यक असते. दुसरा आक्षेप अधिक मूलभूत होता. खंड जागेवरच राहून ध्रुवच सरकला नसेल कशावरून? दख्खनच्या खडकांवरून काढलेला तत्कालीन उत्तर ध्रुव आजच्या उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात येतो. त्याच काळच्या युरोपीय खडकांवरून काढलेला ध्रुव आजच्या ध्रुवापासून फारसा दूर नाही. एकाच वेळी पृथ्वीला दोन उत्तर ध्रुव असू शकत नाहीत. म्हणून भारत आणि युरोप यांचे परस्परांतील अंतर बदलले, एवढाच अर्थ उरतो.

दख्खनच्या थरांत आणखी एक गोष्ट आढळली. पश्चिम घाटातील खालच्या बऱ्याच थरांचे चुंबकत्व उलट, म्हणजे उत्तर–दक्षिण टोकांची अदलाबदल झालेले आहे, तर वरच्या थरांचे सुलट आहे. उद्रेक चालू असतानाच पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र पालटले, असा याचा अर्थ होतो. पृथ्वीच्या इतिहासात असे पालट असंख्य वेळा झाले असून त्यांचा काळ आता बऱ्याच अचूकपणे ज्ञात आहे. त्यामुळेच दख्खनच्या उद्रेकांचा अवधी किती अल्प होता, हे ठरविता आले.

चुंबकीय क्षेत्राची आजची स्थिती महाराष्ट्रात अलिबाग येथील वेधशाळेत नोंदविली जाते. पूर्वी हे काम मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चाले. शहरात विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार म्हणून मोजमापांत व्यत्यय टाळण्यासाठी १९०४ मध्ये अलिबागचे केंद्र सुरू करण्यात आले.

समुद्रतळाची साक्ष

खंड सरकतात हे मान्य केले, तरी ते समुद्रतळ चिरत कसे जातात, ही जुनी अडचण शिल्लक होती. तिचे उत्तर अरबी समुद्राच्या दक्षिणेकडून आले. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत १९६२ मध्ये कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवरील चुंबकत्वाचे सर्वेक्षण झाले. त्याच्या आधारे फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये दाखविले की रांगेच्या दोन्ही बाजूंना सुलट व उलट चुंबकत्वाचे पट्टे आहेत. मध्यरेषेवर नवा समुद्रतळ तयार होऊन दोन्हीकडे सरकत जातो आणि पालटणारे चुंबकीय क्षेत्र त्यावर उमटत राहते. खंड समुद्रतळ चिरत जात नाहीत. भूकवच आणि प्रावरणाचा वरचा कठीण भाग मिळून झालेल्या भूपट्टांवर ते समुद्रतळासह वाहून नेले जातात. डॅन मॅकेन्झी व जॉन स्क्लेटर यांनी १९७१ मध्ये याच पट्ट्यांवरून हिंदी महासागराच्या विस्ताराचा आणि भारताच्या प्रवासाचा क्रम लावला. तो दख्खनच्या खडकांतील अक्षांशांशी जुळला.

या प्रवासाची आणखी एक खूण लक्षद्वीप, मालदीव व छागोस बेटांखालच्या सागरी कण्यात आहे. समुद्रतळाच्या वेधनातून मिळालेले ज्वालामुखी खडक दक्षिणेकडे क्रमाने तरुण होत जातात. दख्खन सुमारे ६.६ कोटी वर्षांचे, मालदीव त्याहून कमी, छागोस आणखी कमी, मॉरिशस अवघे काही दशलक्ष वर्षांचे, आणि रेयूनियन बेटावरील ज्वालामुखी आजही जिवंत आहे. प्रावरणातील एका तप्त स्रोतावरून भूपट्ट सरकत गेले, असे त्याचे प्रचलित स्पष्टीकरण आहे. दख्खनचे उद्रेक याच स्रोतामुळे झाले, हे मत बहुतांश मान्य असले तरी सर्वमान्य नाही. भूकवचाच्या ताणामुळे प्रावरण वितळले असावे, असे मानणाऱ्या अभ्यासकांत नंदुरबार–धुळे भित्तींवर काम केलेले हेतू शेठ यांचा समावेश होतो.

आजची हालचाल आणि भूकंप

भारतीय भूपट्टाची गती आज उपग्रहाधारित स्थाननिश्चितीने थेट मोजली जाते. जागतिक संदर्भचौकटीत ती ईशान्येकडे वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर आहे. आशियाच्या संदर्भात ती याहून थोडी कमी भरते आणि तिचा मोठा भाग हिमालयात शोषला जातो. उरलेला दाब द्वीपकल्पाच्या अंतर्भागातील जुन्या दुर्बल रेषांवरही पडतो.

शोण–नर्मदा–तापी पट्टा ही अशी सर्वांत मोठी रेषा आहे. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी तापी उत्तर प्रस्तरभंग आहे. डोंगर आणि सपाट गाळपट्टा यांच्यातील ठळक सीमा त्याच्याशी निगडित आहे. भित्ती तयार होताना हा प्रदेश उत्तर–दक्षिण ताणला जात होता. आज तो साधारण त्याच दिशेत दाबला जात आहे. त्यामुळे ताणाच्या काळात खचलेले तुकडे आता जुन्याच पृष्ठांवर उलट सरकतात. २२ मे १९९७ चा जबलपूर भूकंप अशा उलट प्रस्तरभंगावर, सुमारे ३५ किलोमीटर खोलीवर झाला.

१४ मार्च १९३८ चा सातपुडा भूकंप जिल्ह्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. त्याची तीव्रता ६ च्या थोडी वर होती. निरनिराळ्या यादींत उगमस्थान थोडे वेगळे दिले असले, तरी ते शहाद्याच्या पूर्वेस सातपुड्यात येते. उगम सुमारे ४० किलोमीटर खोल, म्हणजे भूकवचाच्या तळाजवळ होता. स्थिर समजल्या जाणाऱ्या द्वीपकल्पात बहुतेक भूकंप याहून पुष्कळ उथळ असतात. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारी भूकंप जवळपास तेवढ्याच तीव्रतेचा होता. परंतु तो काही किलोमीटर खोलीवरच झाला आणि दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसे मृत्युमुखी पडली. समान तीव्रतेच्या दोन भूकंपांच्या परिणामांतील हा फरक उगमाची खोली, लोकवस्ती आणि घरांचे बांधकाम या तिन्हींमुळे पडतो. भारतीय मानक ब्यूरोच्या २००२ च्या नकाशात नंदुरबार जिल्हा तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या भूकंप क्षेत्रात दाखविला आहे. तापीकाठचा सैल, पाण्याने भरलेला गाळ हादरे वाढवू शकतो. त्यामुळे एकाच तालुक्यात खडकावरील आणि गाळावरील गावांना सारखाच धक्का जाणवेल असे नाही.

केंद्रापासूनचे अंतर काढण्याची एक सोपी रीत आहे. प्राथमिक व दुय्यम लहरींच्या आगमनातील फरक सेकंदांत मोजून त्याला साधारण ८ ने गुणल्यास किलोमीटरमध्ये अंतर मिळते. दहा सेकंदांचा फरक असेल, तर भूकंप सुमारे ८० किलोमीटरवर झालेला असतो.

गरम झरे व भूजल

शहादा तालुक्यातील उनपदेव येथे सातपुड्याच्या पायथ्याशी उष्ण पाण्याचा झरा आहे. पूर्वेस जळगाव जिल्ह्यातही याच पट्ट्यात असे झरे आढळतात. ते जिवंत ज्वालामुखीचे लक्षण नाही. पावसाचे पाणी भेगांतून खोल जाते, भूकवचातील नैसर्गिक उष्णतेने तापते आणि प्रस्तरभंगाच्या वाटेने वर येते. खोलीबरोबर तापमान किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी वाढत असल्यामुळे त्यासाठी शिलारसाची गरज पडत नाही.

भित्तींचा सर्वांत व्यावहारिक परिणाम विहिरींवर होतो. अखंड, न चिरलेली भित्ती भूजलाचा प्रवाह अडविते. तिच्या वरच्या अंगाला पाण्याची पातळी उंच राहते आणि खालच्या अंगाच्या विहिरी लवकर आटतात. भित्तीला उभ्या-आडव्या सांध्यांनी भेगा पडलेल्या असतील, तर तीच पाण्याची वाहिनी ठरते. म्हणून एकाच शिवारात शेजारच्या दोन विहिरींच्या पाण्यात मोठी तफावत आढळू शकते. सातपुड्याच्या पायथ्याचा गोटे-वाळूचा उतार हा तापीकाठच्या गाळातील भूजलाच्या पुनर्भरणाचा मुख्य भाग आहे. डोंगरातून येणारे ओढे तेथे जमिनीत मुरतात आणि दक्षिणेकडील शेतीच्या विहिरींना पाणी पुरवितात.